आत शिरण्याआधी बाहेरची वाट

बेंगळुरूच्या पूर्वेला, कृष्णराजपुरमजवळ दूरवाणीनगर नावाची वसाहत आहे. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआयच्या कारखान्यामुळे ती वसली. हा कारखाना १९४८ चा. पुढची कित्येक वर्षं देशातल्या बहुतेक घरांत आणि कचेऱ्यांत जो तबकडीचा फोन वाजायचा, तो याच कारखान्यातून बाहेर पडायचा. त्याच रस्त्याने आणखी पुढे गेलं की व्हाइटफील्ड लागतं. तिथे आज फोनच्या आतला मजकूर, म्हणजे ॲप्स, घडतात. एक पिढी फोन बनवून निवृत्त झाली आणि दुसरी फोनवर पोट भरते, असं चित्र या एका रस्त्यावर दिसतं. नव्या फोनबद्दल घरोघरी जो वाद होतो, तो म्हणूनच या रस्त्यावरच्या दोन माणसांच्या तोंडी घातला आहे. मामा आयटीआयमधून निवृत्त झालेले. भाची सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. तिने नुकताच अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला आहे आणि तो दाखवायला ती रविवारी मामांकडे आली आहे.

भाची : मामा, हातात तरी घ्या. लांबून नाक मुरडू नका.

मामा : घेतला. जड आहे, गुळगुळीत आहे, हातातून निसटेल. म्हणजे तू याला कव्हर घालणार. ऐंशी हजारांचा फोन आणि जगाला दिसणार दोनशे रुपयांचं कव्हर. बोल पुढे.

भाची : दिसण्यासाठी घेतला नाही हो. वापरून बघा. बोट फिरवलं की पान कसं सरकतं बघा. मध्ये कुठे अडखळत नाही. फोटो काढायला गेले की कॅमेरा लगेच उघडतो. जुन्या फोनवर कॅमेरा उघडेपर्यंत समोरचं मूल उठून निघून जायचं.

मामा : जुना फोन कितीचा होता?

भाची : अठरा हजारांचा.

मामा : आणि किती जुना?

भाची : चार वर्षं झाली असतील.

मामा : अगं, तू टेस्टिंगवाली ना? ऑफिसात कुणी चार वर्षं जुनं, स्वस्तातलं यंत्र आणि कालचं कोरं, चौपट किमतीचं यंत्र शेजारी ठेवून निकाल दिला, तर तू त्याचा रिपोर्ट परत पाठवशील. तू दोन कंपन्यांची तुलना करतच नाहीयेस. जुन्याची आणि नव्याची करतेयस. याच पैशात त्याच वर्षीचा वरच्या दर्जाचा अँड्रॉइड घेतला असतास तर तोही असाच सरकला असता.

भाची : मान्य. पण सगळाच फरक किमतीचा नाही. जुन्या फोनमध्ये कंपनीने आपणहून घातलेली ॲप्स होती, ती काढता येत नव्हती. लॉक स्क्रीनवर जाहिराती यायच्या. हवामान बघायला गेलं तर कर्जाची जाहिरात. पैसे मी दिले, फोन माझा आणि भिंतीवर पोस्टर दुसऱ्याचं. या फोनवर पहिल्या दिवसापासून शांतता आहे. माझं पहिलं मत विचाराल तर तेच. वेग नाही, कॅमेरा नाही, शांतता.

मामा : हे पटलं. स्वस्त फोनची उरलेली किंमत जाहिरातीतून वसूल होते हे खरं आहे. पण मग प्रश्न अँड्रॉइडचा नाही, त्या कंपनीच्या धंद्याचा आहे. बरं, अपडेटचं काय म्हणत होतीस?

भाची : २०१८ साली आलेल्या आयफोन एक्सएसला २०२४ चं आयओएस १८ मिळालं. माझ्या जुन्या फोनला दोन वर्षांनी नवं अँड्रॉइड मिळायचं बंद झालं. बँकेचं ॲप ज्या फोनवर चालवायचं, त्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळत राहणं ही चैन नाही, गरज आहे.

मामा : ती शिस्त त्यांनी पाळली, यात शंका नाही. पण आता तेवढ्यावर मोठेपणा नको. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलंय. आणि अपडेटची दुसरी बाजूही आहे. बॅटरी म्हातारी झाली की आपण जुन्या आयफोनचा वेग कमी करतो, हे ॲपलला डिसेंबर २०१७ मध्ये कबूल करावं लागलं. फोन मध्येच बंद पडू नये म्हणून केलं, असं त्यांचं म्हणणं. पण मालकाला न सांगता केलं. अमेरिकेत खटला झाला आणि ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई द्यायचं ठरलं. फोनला बॅटरी हवी होती आणि लोक नवा फोन घेऊन आले.

भाची : आणि त्यानंतर बॅटरीची तब्येत सेटिंगमध्ये दिसायला लागली. बोंबाबोंब झाल्यावर का होईना, सुधारणा झाली.

मामा : बोंबाबोंब झाल्यावर! हा शब्द लक्षात ठेव, मला पुढे लागणार आहे.

(मामी कॉफी घेऊन येतात. त्यांचा फोन अँड्रॉइड, मराठीत सेट केलेला.)

मामी : मला एवढंच सांग, यात मराठी लिहिता येतं का? मी कधी बोलून लिहिते, कधी इंग्रजी अक्षरं दाबून. 'mi yete' दाबलं की 'मी येते' होतं.

भाची : मराठीचा कीबोर्ड आहे, मामी. गूगलचा कीबोर्डसुद्धा आयफोनवर टाकता येतो. पण पासवर्डचा रकाना आला की फोन बाहेरचा कीबोर्ड बाजूला सारतो आणि स्वतःचा पुढे करतो. सुरक्षेसाठी ते बरोबर, पण बोटांचा गोंधळ होतो. खरं सांगू? पहिल्या दिवसांतला माझा सगळा वेळ बोटांची सवय मोडण्यात गेला. अँड्रॉइडला मागे जायचं म्हणजे खालचं बटण नाहीतर डाव्या-उजव्या कुठल्याही कडेने बोट ओढायचं. इथे डाव्या कडेने ओढायचं, तेही त्या ॲपच्या मर्जीवर. कुठे वरच्या कोपऱ्यात बाण, कुठे खाली ओढून बंद करायचं. अंगठा उजवीकडे आणि बाण डावीकडे वर.

मामा : बघ, म्हणजे पहिल्या दिवसांतली निम्मी तक्रारही फोनची नव्हे, हाताची. उद्या कुणी आयफोनवाला अँड्रॉइडवर आला तर तोही हेच उलट्या बाजूने सांगेल. त्यामुळे नव्याची स्तुती आणि नव्याची कुरकुर, दोन्हीवर मी सारखाच विश्वास ठेवतो. म्हणजे फारसा ठेवत नाही. मराठीचं मात्र तसं नाही. तिथे सवयीचा प्रश्न नाही, यंत्राला येतं की नाही याचा आहे. 'आचाऱ्यांचे पैसे द्यायचे आहेत' हे वाक्य लिहून दाखव.

भाची : आचा... थांबा. (लिहिते, खोडते, परत लिहिते.) अर्धा र कुठून आणायचा? साधा र घेतला तर 'आचार्यांचे' होतंय.

मामी : म्हणजे स्वयंपाक्याची मजुरी शंकराचार्यांना जायची!

भाची : हां, सापडलं. र दाबून धरला की खाली नुक्ता असलेला ऱ मिळतो, त्याला पाय मोडून य जोडायचा. आचाऱ्यांचे. आलं.

मामा : आलं, पण शोधावं लागलं. हिंदीवाल्याला हा र लागतच नाही, म्हणून तो मागच्या रांगेत बसतो. 'ॲ'चंही तेच झालं. मराठी माणूस रोज ॲप, ॲसिड, ॲडमिशन लिहितो, पण या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये. तोवर अ वर चंद्र चढवून काम भागवायचे. आजही बरेच जण तसंच करतात आणि मग शोधताना एकाच शब्दाची दोन रूपं जुळत नाहीत. फोनची परीक्षा घ्यायची तर कॅमेऱ्याआधी ही घ्यावी. आपल्या भाषेतला रोजचा निरोप विनासायास लिहिता येतो का?

भाची : ही परीक्षा कुठल्याच परीक्षणात नसते. 'कागदपत्रं स्कॅन कर', 'रात्रीचा फोटो काढ' एवढंच.

मामा : कारण परीक्षण करणाऱ्याला आचाऱ्यांचे पैसे द्यायचे नसतात.

भाची : पैशांवरून आठवलं. फोन बदलला त्या सकाळी सिम नव्या फोनमध्ये घातलं आणि खालच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्या उभ्या खायच्या उपाहारगृहात, गेले. काउंटरवर इडली-वडा आणि कॉफीचं टोकन मागितलं, क्यूआरसमोर फोन धरला. ॲप म्हणालं, आधी नंबर पडताळा. अँड्रॉइडवर ॲप बँकेकडे मेसेज आपला आपण पाठवतं. आयफोन ॲपला ती मुभा देत नाही. मेसेजची खिडकी उघडते, आत अक्षर-आकड्यांची अगम्य माळ असते आणि 'पाठवा' आपण दाबायचं. तो मेसेज बँकेत नोंदवलेल्या सिमवरूनच जायला हवा. माझी दोन सिम. मागे रांग. काउंटरवरचा माणूस 'मेडम, क्याश इद्रे कोडी', म्हणजे रोख असेल तर द्या, म्हणाला आणि मी पर्समधली घडी पडलेली शंभराची नोट काढली.

मामा : यात फोनचा दोष काय? उलट बरंच म्हणायचं. सिम, फोन आणि खातं या तिघांची गाठ बांधल्याशिवाय पैसे हलू नयेत, म्हणून तर यूपीआय टिकलंय. ॲपने आपल्या परस्पर मेसेज पाठवू नये हेही मला पटतं.

भाची : दोष नाही म्हणत मी. पण फोन बदलणं म्हणजे आता पाकीट बदलणं झालंय, हे दुकानात कुणी सांगत नाही. शिवाय नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की बऱ्याच बँका सुरुवातीला मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. महिनाअखेरीला फोन बदलला आणि एक तारखेला घरभाडं द्यायचं असेल, तर पंचाईत.

मामा : आणि रोख बाळगायची सवय गेलेली. या गावाने त्याचा झटका घेतलाय की. जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या उलाढालीवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा कितीतरी दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' असे कागद चिकटले होते. भाजीवालीसमोर अर्धं बेंगळुरू खिसे चाचपत उभं.

भाची : आपल्या मेट्रोचं तिकीट २०२२ पासून व्हॉट्सॲपवर मिळतं, रिक्षा फोनवर, गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये. म्हणून तर म्हणते, एवढं सगळं ज्या वस्तूत आहे ती चांगलीच घ्यावी. आणि मामा, तुम्ही आयुष्यभर 'इथे बनवा, इथे बनवा' म्हणत आलात. हा फोन इथलाच आहे म्हटलं तरी चालेल. २०१७ मध्ये विस्ट्रॉन कंपनीने बेंगळुरूच्या पीण्या भागात आयफोन एसई जुळवायला घेतला. मग कोलारकडे नरसापूरचा कारखाना आला, तो २०२३ मध्ये टाटांनी घेतला. आता देवनहळ्ळीत फॉक्सकॉनचा कारखाना सुरू झालाय. सप्टेंबर २०२५ मध्ये हेब्बाळला ॲपलचं स्वतःचं दुकान उघडलं, त्याच आठवड्यात पुण्यात कोरेगाव पार्कला. अभिमान नाही वाटत?

मामा : हजारो पोरींना तिथे नोकऱ्या लागल्या, त्याचा आनंद आहे. नरसापूरला डिसेंबर २०२० मध्ये पगाराच्या तक्रारींवरून कामगारांनी तोडफोड केली, तेही मी विसरलो नाही. पण जुळवणं वेगळं आणि फोन आपला असणं वेगळं. आयफोन १६ आला तेव्हा त्याची इथली किंमत ७९,९०० रुपये होती आणि अमेरिकेत कर सोडून ७९९ डॉलर. इथे १८ टक्के जीएसटी आहे, तो २०२० पर्यंत १२ होता. शेजारच्या तालुक्यात जुळतो म्हणून गिऱ्हाइकाला स्वस्त मिळतो असं काही नाही. आणि फोनने काय करावं, काय करू नये, हे अजूनही ॲपलच्या मुख्यालयात, क्युपर्टिनोत ठरतं.

भाची : मग कुठे ठरायला हवं होतं?

मामा : याच गावात ठरलं होतं एकदा! सिम्प्युटर ऐकलायस? तू शाळेत असशील. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय आणि एन्कोअर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे, या मंडळींनी हातात मावणारा संगणक बनवला. आयफोन आला २००७ मध्ये. बेलने, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला अमिडा सिम्प्युटर २००४ मध्ये बाजारात होता. बोटाने नाहीतर काडीने चालायचा. हलवला की त्याला कळायचं. भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवायचा, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही वापरता यावा. आणि स्मार्ट कार्डाची खाच होती. यंत्र गावाचं एक, पण प्रत्येकाची माहिती स्वतःच्या कार्डावर. कार्ड काढलं की आपली माहिती आपल्या खिशात.

भाची : आणि विकले किती?

मामा : काही हजार.

भाची : बघा! किंमत दहा हजारांच्या आसपास, फोन करता येत नाही, सरकारी मागणी आली नाही, तेवढ्यात मोबाइल स्वस्त झाले. तत्त्व उत्तम होतं, पण लोकांनी ते विकत घेतलं नाही. लोक काम होणारी वस्तू घेतात. सिम्प्युटरचा आराखडा सगळ्यांसाठी खुला होता, तरी कुणी तो पुढे नेला नाही. आयफोन बंदिस्त आहे, पण चालतो. माझ्या पिढीने तुमच्या पिढीच्या अपयशाचं ओझं का वाहायचं?

मामा : ओझं वाहू नकोस. त्यातला एक प्रश्न तेवढा उचल. 'कार्ड काढलं की माहिती माझ्या खिशात' असं तुझ्या फोनबद्दल म्हणता येईल का?

भाची : माझी माहिती मी आणलीच ना जुन्यातून नव्यात. 'मूव्ह टू आयओएस' म्हणून ॲपलचंच ॲप आहे. नव्या फोनने आकडे दाखवले, ते जुन्यात घातले, दोन्ही चार्जरला लावून शेजारी ठेवले. व्हॉट्सॲपसुद्धा २०२२ पासून त्यातूनच येतं. मात्र नवा फोन कोरा असतानाच. एकदा वापरायला लागलात की ती सोय गेली, पुन्हा सगळं पुसून सुरुवात. आणि मध्ये जुन्या फोनला हात लावायचा नाही. ती पट्टी सरकताना आईचा फोन आला, तो मी उचलला नाही. आई अजून रागावलीय.

मामा : म्हणजे आत यायला लाल गालिचा आहे. आता बाहेर जायचं सांग. तीन वर्षांनी तुला वाटलं, परत अँड्रॉइड घ्यावा. मग?

भाची : अं... फोटो आयक्लाउडमध्ये असतील. पाच जीबी फुकट, त्यापुढे दरमहा पैसे.

मामा : आणि गूगलकडे पंधरा जीबी फुकट, त्यापुढे तिथेही पैसे. मी गूगलला सोडत नाहीये. विकत घेतलेली ॲप्स?

भाची : ती परत घ्यावी लागतील. आयफोनवरून अँड्रॉइडवर तसं येत नाही, अँड्रॉइडवरून आयफोनवरही येत नाही. मी घड्याळ घेण्याच्या विचारात आहे. ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही.

मामा : म्हणजे फोन सोडायचा तर घड्याळही सोडायचं. घड्याळाची किंमत फोनच्या किमतीत मिळवलीस का?

भाची : नाही.

मामा : तू इथे भाड्याचं घर घेतलंस तेव्हा दहा महिन्यांचं ॲडव्हान्स मागितलं होतं. तू सही करायच्या आधी काय विचारलंस? घर सोडताना पैसे किती दिवसांत परत मिळतील, रंगकामाचे किती कापणार, सगळं खोदून खोदून. मला फोन करून करारातलं कलम वाचून दाखवलंस. ऐंशी हजारांच्या फोनला तू एकही कलम विचारलं नाहीस.

भाची : कारण फोन भाड्याचा नाही, माझा आहे.

मामा : मी ज्या कारखान्यात होतो तिथे बनलेला फोन सरकारी खात्याचा असायचा. लोक वर्षानुवर्षं रांगेत थांबायचे, फोन लागला की गल्लीत पेढे वाटायचे आणि त्या यंत्राचं भाडं भरायचे. बिघडला तर लाइनमन येणार. त्याच्या मनात येईल तेव्हा. आपला नाही, हे निदान स्पष्ट होतं. तुझा फोन तुझा आहे म्हणतेस. मग एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या कारागिराने बाहेरचा स्क्रीन बसवला की फोन 'हा भाग ओळखीचा नाही' असं का सांगत बसतो?

भाची : चोरीच्या फोनचे भाग विकले जाऊ नयेत म्हणून. सगळंच वाकड्या नजरेने बघू नका.

मामा : तेही कारण आहे, पण तेवढंच नाही. बरं, वाकडी नजर सोडतो. तुझा नंबर कुठला?

भाची : कोल्हापूरचा. कॉलेजात घेतलेला.

मामा : कंपन्या किती बदलल्यास?

भाची : तीन.

मामा : नंबर तोच कसा राहिला? कंपनीच्या दयाळूपणाने? नंबर पोर्टेबिलिटी नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झाली, २० जानेवारी २०११ ला देशभर लागू झाली. कंपनी सोडा, नंबर घेऊन जा. १९०० वर एक मेसेज. सुरुवातीला ती टेलिकॉम सर्कलच्या, म्हणजे साधारण एका राज्याच्या, आतच होती. जुलै २०१५ पासून कोल्हापूरचा नंबर कर्नाटकातल्या कंपनीकडे नेता यायला लागला. त्याआधी लोक वाईट सेवा सोसत राहायचे, कारण नंबर बदलला तर नात्यागोत्यात, गिऱ्हाइकांत सगळीकडे कळवत बसायचं. बाहेरची वाट मोकळी झाली आणि कंपन्या गिऱ्हाइकाला विचारायला लागल्या. कायद्याने झालं. मघाशी तू म्हणालीस ना, बोंबाबोंब झाल्यावर सुधारणा झाली? तेच हे. तुझ्या फोनच्या खालचं चार्जिंगचं भोकसुद्धा त्यातलंच. युरोपने २०२२ मध्ये सगळ्यांना एकच चार्जर असा कायदा केला आणि २०२३ च्या आयफोन १५ ला यूएसबी-सी आलं.

भाची : तो फायदा मला पहिल्याच दिवशी कळला. जुन्या फोनची केबल तशीच चालली. वेगळी घ्यावी लागली नाही.

मामा : जून २०२५ पासून युरोपात आणखी नियम लागू झालेत. फोनची विक्री थांबल्यावर पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल आलं, पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. नंबराला जो न्याय मिळाला तो आपल्या फोटोंना, निरोपांना, विकत घेतलेल्या ॲपला मिळालेला नाही.

भाची : आता माझं ऐका. वाट अगदी बंद नाहीये. ॲपलच्या साइटवरून आयक्लाउडमधले फोटो थेट गूगल फोटोजकडे पाठवता येतात, २०२१ पासून. गूगलचं 'टेकआउट' २०११ पासून आहे, सगळं उचलून नेता येतं. आयफोनवरचं व्हॉट्सॲप केबल लावून अँड्रॉइडवर नेता येतं. दारं आहेत. कुणी जाहिरात करत नाही, एवढंच. आणि तुम्ही स्वतः काय करता? तुमचे फोटो, मेल, नकाशे, मामीचं बोलून लिहिणं, सगळं एकाच कंपनीकडे. तुम्ही तुमची वाट कधी तपासलीत? टेकआउट कधी केलंत?

मामी : त्यांनी अजून मागच्या फोनमधले फोटो काढले नाहीत. तो कपाटात आहे, चार्ज होत नाही, टाकूही देत नाहीत.

मामा : ... कॉफी गार झाली.

भाची : म्हणजे मुद्दा तुमचा बरोबर, पण तो आयफोनविरुद्धचा नाही. तो दोघांनाही लागू आहे. मी फोन परत करणार नाही. शांतता, अपडेट आणि कॅमेरा, या तीन गोष्टींसाठी मी पैसे मोजलेत आणि त्या मिळाल्यात. पण घड्याळ आत्ता घेणार नाही. फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवणार. पासवर्ड कुठल्याच फोनच्या भरवशावर न ठेवता दोन्हीकडे चालणाऱ्या ॲपमध्ये टाकणार.

मामा : आणि मी कपाटातला फोन एस. पी. रोडला नेतो. मग मीही वर्षातून एकदा सगळं उतरवून घेईन. पण मला अजूनही वाटतं, ऐंशी हजार जास्त झाले.

भाची : आणि मला अजूनही वाटतं, तुमच्या फोनवर जाहिराती जास्त झाल्या.

वाद इथे मिटला नाही आणि मिटायची गरजही नाही. नव्या फोनबद्दलचं पहिलं मत जवळजवळ नेहमी जुन्या फोनबद्दलचं आणि आपल्या सवयींबद्दलचं असतं. त्यावर फोनची किंमत ठरवू नये. खरा हिशेब तीन ठिकाणी होतो : तुमच्या भाषेत त्यावर सहज लिहिता येतं का, त्याला सुरक्षेचे अपडेट आणि सुटे भाग किती वर्षं मिळणार आहेत, आणि तो सोडायची वेळ आली तर तुमचं काय काय तुमच्याबरोबर येईल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दुकानात मिळतात. तिसरं कुणी सांगत नाही, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

म्हणून दिवाळीच्या सवलतीत नवा फोन घेणार असाल तर एवढं करा. जुना फोन एक्स्चेंजमध्ये त्याच दिवशी देऊन टाकू नका, सगळं नव्यात आलंय याची खात्री होईपर्यंत तो घरात राहू द्या. भाडं, हप्ता, फी यांची तारीख तोंडावर असताना फोन बदलू नका. व्हॉट्सॲप आणायचं असेल तर ते नवा फोन वापरायला लागण्याआधीच आणा. त्या दिवशी खिशात थोडी रोख ठेवा. आणि पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला एकदा तरी विचारा, 'उद्या हा सोडायचा झाला तर कसा सोडायचा?' त्याला उत्तर येणार नाही. पण पुरेशा गिऱ्हाइकांनी विचारलं, तर कंपन्यांना ते द्यावं लागेल. नंबराच्या बाबतीत ते शेवटी कायद्याने दिलं.